आधार बघा, नोंद करा, फोटो मात्र ठेवू नका : कोकणातल्या होमस्टे आणि व्हिला मालकांना खुलं पत्र

प्रति,
अलिबाग-नागावपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरगुती निवास, होमस्टे आणि व्हिला चालवणारे सर्व मालक आणि मालकिणी

माहितीसाठी : पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र राज्य; रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्हा पोलीस

सप्रेम नमस्कार.

बुकिंग ठरतं, ॲडव्हान्स गूगल पेवरून जातो आणि पाठोपाठ तुमचा मेसेज येतो : "सगळ्यांचे आधार कार्ड पाठवून ठेवा, म्हणजे आल्यावर घाई नको." मेसेजमध्ये वावगं काही नसतं. पण त्या एका ओळीवर आमच्या घरातल्या ऐंशीच्या आत्यापासून पहिलीतल्या नातवापर्यंत प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो आणि बारा आकडी नंबर एका अनोळखी फोनवर जाऊन पडतो. आम्ही येतो, समुद्रात डुंबतो, मोदक-सोलकढीवर ताव मारतो आणि परत जातो. ते फोटो तुमच्या फोनमध्येच राहतात. मला त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

मी डोंबिवलीची, बँकेतून निवृत्त झालेली. प्रत्येक कुटुंबात सहलीचं सगळं ठरवणारं एक माणूस असतं, आमच्यात ते काम माझ्याकडे आहे. त्यामुळे चुलत, मावस, आते अशा सगळ्या शाखांची आधार कार्डं आधी माझ्याकडे गोळा होतात आणि मग तुमच्याकडे येतात. दिवेआगर, आंजर्ले, वेळणेश्वर, तारकर्ली, सगळीकडे तुमच्यापैकी कुणा ना कुणाच्या ओसरीवर मी चहा घेतलेला आहे. भांडायला लिहीत नाहीये. (मे महिन्यात दोन्ही वेळा फणसाचीच भाजी का, ही तक्रार आहे, पण ती तोंडी करेन.)

तुम्ही पाहुण्यांची नोंद का ठेवता हे मला ठाऊक आहे. 1993 च्या फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि मार्चमध्ये मुंबई हादरली. 2008 साली दहा जण समुद्रातूनच आले. 2022 च्या ऑगस्टमध्ये, ऐन दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली आणि आत एके-47 रायफली सापडल्या. ती भरकटलेली बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची निघाली, घातपाताचा संबंध नव्हता. पण ते कळेपर्यंत राज्यभर सतर्कतेचा इशारा होता. अशा किनाऱ्यावर रात्री कोण मुक्कामाला आहे हे पोलिसांना कळायला हवं, आणि ते कळवणं तुमचं काम आहे. यात वाद नाही.

वाद पुढच्या पायरीवर आहे. समोरचा माणूस कोण आहे याची खात्री करणं हे एक काम झालं आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत कायमची जवळ बाळगणं हे दुसरं. ही दोन कामं तुमच्याकडे एकत्र होऊन बसली आहेत. बँकेत आम्ही मूळ कागद हातात घ्यायचो, माणसाकडे बघायचो, मग झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहून खात्री केली' असा शिक्का मारून सही करायचो. प्रत ठेवायचो कारण ठेवावी लागायची : मनी लाँडरिंगविरोधी कायदा खातं बंद झाल्यावरही पाच वर्षं कागद सांभाळायला सांगतो. त्यासाठी कुलूपबंद रेकॉर्ड रूम होती, किल्ल्या कुणी घेतल्या याची वही होती आणि दरवर्षी येऊन नाक खुपसणारा ऑडिटर होता. एवढं असूनही बँकांमधून माहिती फुटते, हे तुम्ही वाचता. तुमच्याकडे काय आहे? एक मोबाईल, तोही धाकटा मुलगा गेम खेळायला घेतो. आणि स्थानिक पोलिसांनी ओळखपत्राची प्रत घ्यायला सांगितली असली, तरी ती आधारचीच हवी आणि कायमची ठेवायला हवी, असं कोणताही कायदा सांगत नाही.

आमचा फोटो तुमच्याकडे आल्यावर कुठे कुठे फिरतो ते एकदा बघा. व्हॉट्सॲपवरून तो आपोआप गॅलरीत उतरतो. गॅलरीचा बॅकअप चालू असेल तर तिथून गूगलच्या खात्यात जातो, आणि त्या खात्याचा पासवर्ड ज्या भाच्याने फोन लावून दिला त्याला माहीत असतो. मग तुम्ही तो केअरटेकरला पाठवता, कारण घराशी तोच असतो. केअरटेकर तो चौकातल्या झेरॉक्सवाल्याच्या नंबरवर टाकतो, कारण प्रिंट तिथेच निघते. झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर डाउनलोडच्या फोल्डरात तो पडून राहतो, गावातल्या सातबाऱ्यांच्या आणि दहावीच्या मार्कशीटच्या शेजारी. प्रिंट निघते ती फाइलला लागते. फाइल भरली की माळ्यावर. दोन वर्षांनी फोन जुना झाला की एक्स्चेंजमध्ये जातो. एवढ्या हातांमधल्या एकालाही काही वाईट करायचं नसतं. पण एवढे हात असतात.

व्हिलांचं प्रकरण तर आणखी लांबलचक आहे. मालक मुंबईत, बंगला अलिबागला किंवा घाटावर लोणावळ्याला, आणि मध्ये एजंटांची साखळी. पहिला एजंट फोटो दाखवतो, दुसऱ्याकडे तारखा असतात, तिसऱ्याला पैसे जातात, आणि तिघंही "आधार टाका" म्हणतात. कोण कोणाचा माणूस आहे हे शेवटपर्यंत कळत नाही.

माझ्याच बाबतीत घडलेलं सांगते. गाव सांगत नाही, मालकाचं नावही नाही. माणूस भला आहे. मी विचारलं, आधारच्या दोन्ही बाजू लागतील का? उत्तर म्हणून त्यांनी एक पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, "असे पाठवा." ती पुण्याच्या एका कुटुंबाची आधार कार्डं होती. आई, वडील, दोन मुली. शाळकरी मुलींचे फोटो आणि सोसायटीचा फ्लॅट नंबरसकट पत्ता, नमुना म्हणून माझ्या हातात. मी ती पुसून टाकली आणि त्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "अहो ताई, ते आपले नेहमीचेच पाहुणे आहेत, त्यांचं काही म्हणणं नसतं." त्यांना कुणी विचारलं होतं?

आता, याने बिघडतं काय? अतिशयोक्ती करत नाही. नुसता आधार नंबर कळला म्हणून खात्यातले पैसे जात नाहीत. आधार प्राधिकरणही हेच सांगतं आणि ते बरोबर आहे. बिघडतं ते सगळं एकत्र सापडल्यावर. कार्डावर घराचा पत्ता, बुकिंगमध्ये तारखा, म्हणजे कोणतं घर कोणत्या चार रात्री रिकामं आहे याची यादीच झाली. कोण कोणाची मुलगी, कोण कोणाची आई, सगळी नाती एका चॅटमध्ये. त्यात फोन नंबर. फसवणूक करणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. 'डिजिटल अरेस्ट'चे फोन घ्या, म्हणजे तुम्ही गुन्ह्यात अडकलात असं धमकावून, फोनवरच अटकेची भीती घालून पैसे उकळायचे. पंतप्रधानांना 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 'मन की बात'मध्ये त्यावर बोलावं लागलं, एवढा तो प्रकार पसरला. त्या फोनमध्ये समोरचा पोलिसाचा आव आणतो, पण म्हातारी माणसं घाबरतात ती खाकी शर्टाला नव्हे. तो आधारचे बारा आकडे अचूक वाचून दाखवतो, पत्ता सांगतो, सुनेचं नाव सांगतो, आणि मग बाईंना वाटतं की एवढं माहीत आहे म्हणजे सरकारचाच माणूस असणार. आमची आत्या याला बळी पडेल की नाही हे मला सांगता येणार नाही. पण तिच्या कार्डाचा फोटो किती फोनांमध्ये आहे हेही मला सांगता येत नाही, आणि दुसऱ्या गोष्टीचा पहिलीशी संबंध आहे.

आणखी एक. चोरलेलं ओळखपत्र पुढच्या फसवणुकीत चोराचं ओळखपत्र बनतं. जुन्या वस्तू विकणाऱ्या साइटवर लष्करी जवान असल्याची बतावणी करून लोकांना गंडा घालण्याचा प्रकार वर्षानुवर्षं चालला. त्यात विश्वास बसावा म्हणून दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड पाठवलं जायचं. बनावट होमस्टेच्या नावाने ॲडव्हान्स उकळणाऱ्यांनाही हेच जमतं. "हे घ्या माझं आधार, आता तरी विश्वास ठेवा," असं म्हणून जे कार्ड पाठवलं जाईल, ते तुमच्याकडे मागच्या दिवाळीत राहून गेलेल्या माणसाचं असू शकतं. मग पोलीस त्याच्या दारात जाणार.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. 2025 च्या उन्हाळ्यात इटलीतल्या काही हॉटेलांनी चेक-इनच्या वेळी स्कॅन करून ठेवलेले पासपोर्ट आणि ओळखपत्रं हजारोंच्या संख्येने चोरीला गेली आणि इंटरनेटच्या काळ्या बाजारात विकायला आली. मॅरियटसारख्या अवाढव्य कंपनीने 2018 मध्ये कबूल केलं की तिच्या एका बुकिंग यंत्रणेतून कोट्यवधी पाहुण्यांची माहिती गेली; त्यात 50 लाखांहून जास्त पासपोर्ट नंबर तर सांकेतिक रूपात न बदलता, जसेच्या तसे साठवलेले होते. मोठ्या हॉटेलांचं हे, आपलं काय, असं म्हणाल तर बुकिंग डॉट कॉमचं प्रकरण तुमच्या जास्त जवळचं आहे. 2018 च्या डिसेंबरात चोरांनी संयुक्त अरब अमिरातीतल्या 40 हॉटेलांच्या कर्मचाऱ्यांना नुसते फोन केले आणि बोलण्यात गुंतवून त्यांचे लॉगिन काढून घेतले. त्यातून चार हजारांहून जास्त पाहुण्यांचा बुकिंगचा तपशील गेला. कंपनीने ते कळवायला उशीर केला म्हणून 2021 मध्ये नेदरलँड्सच्या नियामकाने तिला 4 लाख 75 हजार युरो दंड केला. फोन उचलणारा तो कर्मचारी म्हणजे तुमच्याकडचा केअरटेकर. त्याला कधी कुणी बसवून सांगितलं आहे का, की ओटीपी आणि पाहुण्यांची माहिती फोनवर कुणालाही द्यायची नाही?

याउलट स्पेन बघा. तिथे 2024 च्या डिसेंबरपासून पर्यटकांना घर भाड्याने देणाऱ्यांनाही पाहुण्यांची भलीमोठी माहिती सरकारला कळवावी लागते. आपल्यापेक्षा नियम कितीतरी कडक. आणि तरीही तिथल्या माहिती संरक्षण संस्थेने 2025 मध्ये स्पष्ट केलं की पासपोर्टची किंवा ओळखपत्राची प्रत मागायची नाही. माहिती लिहून घ्या, कार्ड बघून पडताळा, प्रत नको. म्हणजे सुरक्षाही सांभाळता येते आणि पाहुण्याचा कागदही त्याच्याच खिशात राहतो.

आपल्याकडचं सरकार यात बराच काळ धरसोड करत होतं, हेही लिहिलं पाहिजे. 2022 च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं की हॉटेलं आणि सिनेमागृहांसारख्या, प्राधिकरणाचा परवाना नसलेल्या खासगी आस्थापनांना आधारच्या प्रती घेता किंवा ठेवता येणार नाहीत. लोकांमध्ये गडबड उडाली तसं दोन दिवसांत ते मागे घेतलं, "नेहमीची काळजी घ्या" एवढंच सांगितलं. मग 2025 च्या डिसेंबरात प्राधिकरणाच्या प्रमुखांनीच सांगितलं की हॉटेलं आणि कार्यक्रमांचे आयोजक यांनी आधारच्या झेरॉक्स घेणं बंद करून क्यूआर कोड किंवा ॲपवरून पडताळणी करावी, असा नियम येतो आहे. वारा कुठल्या दिशेने आहे ते यावरून कळतं.

दुसरा कायदा तुमच्यापैकी फार कमी जणांच्या कानावर गेला असेल. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा आहे. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी, म्हणजे 2027 च्या मे महिन्यात लागू व्हायच्या आहेत. ऐन आंब्याच्या सीझनमध्ये. माहिती कशासाठी घेतो ते सांगायचं, काम झालं की पुसायची, आणि फुटली तर सरकारने नेमलेल्या मंडळाला आणि त्या त्या माणसाला कळवायचं. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. चार खोल्यांच्या घराला कुणी अडीचशे कोटी लावणार नाही, घाबरू नका; दंड ठरवताना चुकीचं गांभीर्य बघायचं असतं. पण "आम्ही कुठे कंपनी आहोत" हे उत्तर चालणार नाही.

या कायद्यात तुमच्या सोयीची एक गोष्ट आहे. तो डिजिटल माहितीला लागू होतो, किंवा आधी कागदावर घेऊन नंतर डिजिटल केलेल्या माहितीला. नुसत्या कागदी नोंदवहीला नाही. म्हणजे तुमच्या वडिलांनी ठेवलेली ती लाल कापडी पाठीची वही, ज्यात नाव-गाव-येण्याची वेळ-जाण्याची वेळ असे रकाने आखलेले असायचे, ती या कायद्याच्या बाहेर आहे, आणि तुम्ही फोनवर घेतलेला फोटो आत. जुनं ते सोनं असं मी सहसा म्हणत नाही, पण इथे वही खरोखर चांगली. फक्त ती टेबलावर उघडी ठेवू नका. आम्ही सही करायला वाकतो तेव्हा आधीच्या पंधरा कुटुंबांची नावं आणि मोबाईल नंबर आरामात वाचता येतात. मी वाचलेले आहेत. नोंद तुम्ही स्वतः करा किंवा प्रत्येक कुटुंबाला वेगळी चिठ्ठी भरायला द्या आणि ती बंद कपाटात ठेवा.

मग माझी मागणी काय? बुकिंगनंतर "सगळ्यांचे आधार पाठवा"ऐवजी असा मेसेज जाऊ दे :

"नमस्कार. येताना मोठ्या माणसांनी कोणतंही एक ओळखपत्र सोबत ठेवावं, आल्यावर प्रत्यक्ष बघू. आगाऊ काही पाठवू नका. मुलांची फक्त नावं आणि वयं कळवा. आधार दाखवणार असाल तर पहिले आठ आकडे झाकलेलं चालेल. आम्ही नाव, पत्ता, फोन आणि गाडीचा नंबर वहीत लिहितो. फोटो ठेवत नाही."

हा मेसेज एकदा सेव्ह करून ठेवला की झालं. आठ आकडे झाकलेलं आधार प्राधिकरणाच्याच वेबसाइटवरून डाउनलोड होतं, आणि ते वैध आहे. ते दाखवल्यावर "हे अर्धवट आहे, पूर्ण पाठवा" म्हणून वाद घालू नका, एवढी खास विनंती. आणि कुणी सवयीने व्हॉट्सॲपवर पाठवलंच तर नोंद करून लगेच पुसा, चॅटमधून आणि गॅलरीतूनही. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो आपोआप गॅलरीत न जाऊ देण्याची सोय आहे, ती आजच चालू करा. जुने ढीग पडले असतील तेही या पावसाळ्यात, धंदा थंड असताना, काढून टाका. माळ्यावरच्या झेरॉक्स फाडून टाका. रद्दीत घालू नका.

यावर तुम्ही दोन गोष्टी म्हणाल, कारण त्या मी तोंडावर ऐकल्या आहेत. पहिली : "खोटं कार्ड दाखवलं तर? आमच्याकडे पुरावा काय?" अहो, खोटं कार्ड ओळखायचं असेल तर ते हातात घेऊन माणसाच्या तोंडाकडे बघणंच उपयोगी. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत नाव बदलणं कॉलेजच्या पोराला पाच मिनिटांत जमतं. खात्रीच करायची तर आधारवरचा क्यूआर कोड प्राधिकरणाच्या ॲपने स्कॅन करा, कार्ड खरं आहे की नाही ते जागेवर कळतं. दुसरी : "लोक चादरी नेतात, टीव्ही फोडून जातात, मग शोधायचं कसं?" हे दुखणं खरं आहे आणि आमच्यातले काही पर्यटक कसे वागतात ते मी बघितलं आहे, लाज वाटते. पण आजवर आधारच्या फोटोवरून कुणाला चादर परत मिळाली आहे? डिपॉझिट घ्या. गाडीचा नंबर लिहा. निघताना खोली बघून घ्या.

आधारपुरतंच हे थांबत नाही. आपल्या लोकांना गप्पांची आवड, आणि तुम्ही तर यजमान. "कालच ठाण्याचे अमुक डॉक्टर येऊन गेले, सोबत त्यांची दुसरी बायको होती," हे मला चहाबरोबर ऐकायला मिळालेलं आहे. मी डॉक्टरांना ओळखत नव्हते, पण ओळखत असते तर? कुणी फोन करून विचारतं, "आमचे अमुक नातेवाईक तुमच्याकडे उतरलेत का हो?" आणि तुम्ही आपुलकीने सांगता, "हो हो, वरच्या खोलीत आहेत, बोलावू का?" फोन करणारा खरंच नातेवाईक आहे का, की ज्याच्यापासून ती बाई दूर आली आहे तोच आहे? अशा वेळी "निरोप घेऊन ठेवतो" एवढं म्हणा. लग्न झालंय का, कोण कोणाचं, आडनावं वेगळी का, हे प्रश्न वहीत नसतील तर तोंडातही नकोत.

तसंच रील. आमची मुलं तुमच्या झोपाळ्यावर बसली, तुम्ही व्हिडिओ काढला, गाणं लावलं आणि आम्ही अजून तिथेच असताना इन्स्टावर टाकला, गावाच्या नावासकट. छान दिसतो, जाहिरातही होते. विचारून टाका, आणि टाकायचाच तर आम्ही निघून गेल्यावर टाका.

कॅमेऱ्याबद्दल मात्र सौम्य लिहिणार नाही. फाटकावर, पार्किंगमध्ये कॅमेरा असावा, मलाही तो हवा आहे. पण काही व्हिलांमध्ये स्विमिंग पूलवर रोखलेला कॅमेरा असतो आणि त्याचं चित्र मालकाच्या मुंबईतल्या फोनवर दिसतं. बुडण्याचा धोका असतो म्हणून बसवला, असं सांगतात. बुडणाऱ्याला पार्ल्यातून कोण वाचवणार आहे? पोहणाऱ्या बायकामुलींचं चित्र कोण बघतं, किती दिवस साठवतं, हे पाहुण्याला बुकिंगआधी कळलंच पाहिजे, नाहीतर तो कॅमेरा उतरवा. एअरबीएनबीने 2024 च्या एप्रिलअखेरपासून जगभर घराच्या आत कॅमेरा ठेवायला बंदी केली आहे आणि बाहेरच्या कॅमेऱ्याची माहिती आधी द्यायची अट घातली आहे. आणि खोलीत किंवा न्हाणीघरात कुणी चोरून चित्रण केलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 77 आहे, पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद. केअरटेकरने केलं, मला माहीत नव्हतं, असं म्हणायची वेळ येऊ देऊ नका. खोल्या अधूनमधून स्वतः तपासा. 2022 मध्ये नोएडात तर हॉटेलात राहून गेलेल्या पाहुण्यांनीच कॅमेरे लपवून ठेवल्याचं उघड झालं होतं.

आता दोन शब्द पर्यटन संचालनालयाला आणि पोलिसांना, कारण सगळं मालकांच्या गळ्यात घालणं बरं नाही. गावातल्या काकूंना कुणी काही नीट सांगितलेलंच नाही. 31 डिसेंबरच्या आधी पोलीस ठाण्यातून निरोप येतो, "आधार घेऊन ठेवा," आणि त्या घेऊन ठेवतात. कुठे, किती दिवस, कुणी विचारलं तर कुणाला द्यायचं, यावर अवाक्षर नाही. साध्या वेशातला माणूस येऊन "यादी दाखवा" म्हणाला तर त्याचं ओळखपत्र मागायचं असतं, हेही त्यांना कुणी सांगत नाही. जिल्हा पोलिसांनी मराठीत एक पानाचं पत्रक काढावं : कोणते रकाने भरायचे, किती दिवस वही ठेवायची, प्रत लागते की नाही, आणि यादी ठाण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची की दुसरीकडे कुठे. ग्रुपवर टाकायची असेल तर त्या ग्रुपात कोण कोण आहे हेही एकदा बघावं. परदेशी पाहुण्यांसाठी 24 तासांत ऑनलाइन नोंद करायचा नियम आहे आणि त्याचं पोर्टल आहे. पासपोर्टची माहिती तिथे भरली की मालकाच्या फोनमधला फोटो ठेवायचं कारण उरत नाही, हेही त्याच पानावर लिहावं. आणि संचालनालयाने न्याहारी व निवास योजनेत नोंदणी करतानाच तासाभराचं प्रशिक्षण द्यावं. पंखे, गाद्या, पाण्याची टाकी, शौचालय, सगळं तुम्ही तपासता. पाहुण्यांची वही कुठल्या कपाटात असते तेही तपासा.

गणपतीनंतरची आमची सहल ठरते आहे, बहुधा गुहागर. यंदा मी आधार पाठवणार नाही. सगळे मोठे कार्डं घेऊन येतील आणि तुमच्यासमोर ठेवतील. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी आधीच सांगावं, मी दुसरीकडे विचारेन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सगळ्या घराचं बुकिंग करणारी एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली

ता. क. : हे पत्र पर्यटकही वाचतील, म्हणून त्यांना एक सांगते. कुठे झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं, अक्षरांना छेदून लिहा : कशासाठी दिली, कुणाला दिली, तारीख, सही. छापील मजकूर वाचता येईल एवढं बारीक आणि पुसता येणार नाही एवढं ठसठशीत. फोनवरून फोटो पाठवावाच लागला तर एकदाच उघडणारा पाठवा. आणि फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, तासाभराच्या आत 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.